साहित्यातील नेहमीच्या संज्ञा आणि आपले रोजचे बोलणे



या व्याख्यानमालेत मला साहित्यातील संज्ञांवर बोलायला सांगितले, तेव्हा पहिल्यांदा मी नकारच दिला. माझे शालेय शिक्षण बेताचे. माझी हयात कारखान्यांच्या फाटकांवर आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर गेली. जे काही वाचले ते रात्रपाळीतल्या जेवणाच्या सुट्टीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. उपमा, रूपक, उत्प्रेक्षा ही नावे मी प्रथम वाचली तेव्हा मला ती सरकारी परिपत्रकातल्या शब्दांसारखी परकी वाटली होती. आपला या शब्दांशी संबंध नाही, ही शिकलेल्यांची गोष्ट आहे, असेच मी बरीच वर्षे धरून चाललो.

पुढे ध्यानात आले की संबंध तर होताच. फक्त ओळख करून दिलेली नव्हती. सुतार पटाशी वापरतो तेव्हा तिला पटाशी म्हणतात हे त्याला ठाऊक असते. आपण मात्र बोलण्यातली हत्यारे जन्मभर वापरतो आणि त्यांची नावे ठाऊक नसतात. नाव ठाऊक नसले तरी काम अडत नाही, हे खरे. परंतु दुसरा कोणी तेच हत्यार आपल्यावर चालवू लागला म्हणजे नाव ठाऊक असण्याचा उपयोग कळतो. आजचा माझा विषय एवढाच आहे.

प्रारंभ आपल्या गावच्या नावापासूनच करतो. मी कोठेही गेलो आणि "मी पिंपरीचा" म्हणालो, की समोरचा मनुष्य विचारतो, "कोणत्या कारखान्यात?" कारण त्याच्या मनात पुण्याजवळची कारखान्यांची पिंपरी असते, आणि मी सांगत असतो ओतूर-आळेफाट्याच्या रस्त्यावरची पिंपरी पेंढार. एकाच शब्दातून दोन अर्थ निघणे आणि बोलणाऱ्याने त्याचा जाणून उपयोग करणे, याला साहित्यात 'श्लेष' म्हणतात. नकळत झाला तर तो घोटाळा. जाणून केला तर तो अलंकार. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

अलंकारांचे दोन वर्ग आहेत. शब्दांच्या नादामुळे किंवा घडणीमुळे जी शोभा येते ती 'शब्दालंकारां'ची. शब्द बदलला की ती जाते. अर्थामुळे येते ती 'अर्थालंकारां'ची. शब्द बदलला तरी ती टिकते. श्लेष बहुधा पहिल्या वर्गातला. त्याच वर्गात 'अनुप्रास' येतो, म्हणजे एकच अक्षर पुनःपुन्हा येऊन होणारा नाद. आणि 'यमक' येते, म्हणजे चरणांच्या शेवटी जुळणारी अक्षरे. मोर्चातल्या घोषणा आठवा. यमक नसलेली घोषणा दुसऱ्या चौकापर्यंतही टिकत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्याही तोंडी ती बसते, याचे कारण यमक. स्मरणशक्तीला दिलेला तो टेकू आहे. छापखाना नव्हता त्या काळात शेकडो वर्षे मराठी कविता लोकांच्या मुखात जिवंत राहिली ती या टेकूच्या आधारानेच.

याच ओघात 'छंद' आणि 'वृत्त' पाहू. अक्षरांची किंवा मात्रांची ठरलेली मोजणी आणि लघु-गुरूंचा ठरलेला क्रम असला की 'वृत्त' होते. संस्कृत वळणाच्या पंडित कवींनी ती वापरली. 'छंद' त्यापेक्षा सैल. त्यात अक्षरांची संख्या साधारण ठरलेली असते, पण लघु-गुरूंचे बंधन नसते. अभंगाच्या एका प्रसिद्ध घडणीत पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा असतो. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे जुळते. ग्रंथातल्या ओवीला साडेतीन चरण मानतात आणि पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक असते. इसवी सन १२९० मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी याच ओवीत आहे. आपल्या शेजारच्या ओतुरास बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांना ज्यांनी स्वप्नात उपदेश केला असे परंपरा सांगते, ते हेच बाबाजी. म्हणजे अभंगाचा एक धागा आपल्या वेशीपर्यंत आलेला आहे.

पण ओवीचे दुसरे घर ग्रंथात नाही, जात्यावर आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी हिंडून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या; त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. त्या रचणाऱ्या बहुतेक बायांना अक्षरओळख नव्हती. 'काव्य' या शब्दाची व्याख्या करताना ज्या विद्वानांनी या बायांना वगळले त्यांची व्याख्या अपुरी होती, असे मी नम्रपणे म्हणेन. माझी आजी दळताना जी ओवी म्हणे तिच्यात उपमा असे, रूपक असे, कोपही असे. तिला नावे ठाऊक नव्हती आणि आम्ही कोणी ती तिला सांगितली नाहीत. गावात पिठाची गिरणी आली, आजीचे हात सुटले हे चांगलेच झाले. पण तिच्या ओव्या कोणी लिहून घेतल्या नाहीत. ती हळहळ मला आजही आहे.

आता अर्थालंकार घेऊ. 'उपमा' म्हणजे दोन वस्तूंतले साम्य सांगणे. तिची चार अंगे असतात. ज्याचे वर्णन करायचे ते 'उपमेय'. ज्याच्याशी तुलना करायची ते 'उपमान'. दोहोंत सारखा असलेला गुण तो 'साधारण धर्म'. आणि सारखा, जसा, गत, परी, समान हे 'साम्यवाचक' शब्द. "नवीन सून गाईसारखी गरीब आहे" या वाक्यात सून उपमेय, गाय उपमान, गरिबी साधारण धर्म आणि 'सारखी' साम्यवाचक. ज्या उपमेत साधारण धर्म सांगितलेला नसतो तिथे सावध राहावे. "कामगार मुलासारखे असतात" असे कोणी म्हणाले, तर कशाच्या बाबतीत मुलासारखे हे विचारावे. लाडाच्या बाबतीत, की कानपिळीच्या बाबतीत?

उपमेय हे जणू उपमानच आहे अशी कल्पना केली की 'उत्प्रेक्षा' होते. "जणू", "जणू काय", "वाटे" हे तिचे शब्द. पावसाळ्यात माळशेज घाटातून खाली पाहिले आणि "जणू काय डोंगर ढगांची घोंगडी पांघरून बसले आहेत" असे म्हटले, तर ती उत्प्रेक्षा. "जणू" काढून टाकले आणि दोन्ही वस्तू एकच आहेत असे सरळ ठोकून दिले, की 'रूपक' होते. निर्जीव वस्तूला सजीवाचे गुण लावले की 'चेतनगुणोक्ती'. डोंगरांना घोंगडी पांघरायला लावण्यात तीही आलीच. एकाच वाक्यात दोन-तीन अलंकार सुखाने नांदतात, म्हणून परीक्षेपुरते एकच नाव चिकटवून मोकळे होऊ नये.

रूपकावर थोडे थांबतो, कारण सर्व अलंकारांत हा बलवान आणि म्हणून धोक्याचाही आहे. एका कारखान्यात दरवर्षी स्नेहसंमेलनात साहेब सांगत, "हा कारखाना म्हणजे आपले एक कुटुंब आहे." ऐकायला गोड वाटे. बोनसची मागणी आली की कुटुंबाची आठवण होई: घरात कोणी हिशेब मागते का? पुढे मागणी घटली आणि शंभरावर माणसे कमी करायची वेळ आली, तेव्हा मात्र कुटुंब हा शब्द कागदावर दिसेना. 'पटसंख्या' हा शब्द आला. कुटुंबात पटसंख्या नसते. अर्धेच पाळलेले रूपक ते हे. रूपक ऐकले की त्याचे दुसरे टोक हातात धरून पाहावे: कुटुंब म्हणता, तर आजारात कोण बघणार, म्हातारपणी कोण सांभाळणार, वाटणी कशी होणार?

त्याच वेळच्या सूचनेत एक वाक्य होते, त्याचा आशय असा की ही कामगार कपात नव्हे, ही पुनर्रचना आहे. हे वाक्य मी वाचनालयातल्या अलंकारांच्या पुस्तकाशेजारी ठेवून पाहिले आणि मला त्याचे नाव सापडले. उपमेय नाकारून तेथे उपमानाची स्थापना करणे, "हे अमुक नव्हे, हे तमुक आहे" असे म्हणणे, याला 'अपन्हुती' म्हणतात. कवी म्हणतो, हे डोळे नव्हेत, ही कमळे आहेत. कवीचे लपवणे उघड असते. त्यालाही ठाऊक असते आणि आपल्यालाही, की डोळे हे डोळेच आहेत. त्या सूचनेतले लपवणे मात्र आपल्याला कळू नये अशाच हेतूने केलेले होते. अलंकार तोच, नियत वेगळी. दुसऱ्या दिवशी फाटकावर मी सहकाऱ्यांना अपन्हुती समजावून सांगितली. नोकऱ्या काही त्यामुळे परत आल्या नाहीत, हे कबूल केले पाहिजे. पण कोणी फसलेही नाही, आणि नुकसानभरपाईच्या बोलणीत आमच्या बाजूने एकानेही 'पुनर्रचना' हा शब्द वापरला नाही.

आता दुसऱ्याचे सांगितले तसे स्वतःचेही सांगितले पाहिजे. आम्हा चळवळीतल्या माणसांचे आवडते रूपक म्हणजे लढाई. संप म्हणजे लढा, मागणी म्हणजे आघाडी, तडजोड म्हणजे माघार. एका संपात नवव्या दिवशी समोरून तडजोडीचा प्रस्ताव आला. पुरता चांगला नव्हता, पण वाईटही नव्हता. त्या संध्याकाळी सभेत मी म्हणालो, "रणांगणात पाठ दाखवायची नसते." टाळ्या पडल्या. प्रस्ताव फेटाळला गेला. पुढे तीन आठवड्यांनी जवळजवळ त्याच अटींवर आम्ही कामावर गेलो. त्या तीन आठवड्यांचा पगार बुडाला तो कोणाला मिळाला नाही. एका सहकाऱ्याने मुलीची फी भरता येईना म्हणून तिचे शिक्षण थांबवले. तो मला एवढेच म्हणाला, "दादा, ते रणांगण नव्हते हो. ते आमचे काम होते." मी त्या दिवशी खोटे बोललो नव्हतो. पण रूपक माझ्या हातात राहिले नव्हते. मीच त्याच्या हातात गेलो होतो. म्हणून संज्ञांची ओळख केवळ समोरच्याला पकडण्यासाठी नसते, स्वतःला आवरण्यासाठीही असते.

आणखी काही अलंकार थोडक्यात सांगतो. वस्तुस्थिती फुगवून सांगणे ती 'अतिशयोक्ती'. एखादे विधान करून त्याच्या पुष्ट्यर्थ समांतर दाखला देणे तो 'दृष्टान्त'. कीर्तनकारांचा हा हातखंडा. एकाला उद्देशून बोलायचे आणि लागावे दुसऱ्याला, ती 'अन्योक्ती'. लेकी बोले सुने लागे, असे आपण म्हणतो ती हीच. वरून स्तुती आणि आतून निंदा, किंवा उलट, ती 'व्याजस्तुती'. तमाशातल्या सोंगाड्याचे अर्धे भांडवल व्याजस्तुतीचे असते. पाटलाच्या न्यायाची तो इतकी तारीफ करतो की पाटलाला हसावे की रागवावे कळत नाही, आणि प्रेक्षकांना सारे कळते. ज्याला उघड बोलायची सोय नाही त्याने हे अलंकार घडवले आहेत. सुनेला, गड्याला, कलावंताला उघड बोलता येत नव्हते. म्हणून अन्योक्ती आणि व्याजस्तुती आपल्याकडे एवढ्या पोसल्या.

येथून आपण शब्दाच्या शक्तींकडे येतो. प्राचीन शास्त्रकारांनी शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत. शब्दाचा सरळ अर्थ देणारी ती 'अभिधा'. सरळ अर्थ जुळत नाही म्हणून त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ घ्यावा लागतो ती 'लक्षणा'. "सारा कारखाना फाटकाबाहेर बसला आहे" म्हटले तर यंत्रे आणि भिंती बाहेर येऊन बसत नाहीत; माणसे बसतात. आणि सरळ अर्थ पूर्ण झाल्यावरही त्यातून जो निराळाच अर्थ सुचतो तो देणारी शक्ती ती 'व्यंजना'. त्या सुचलेल्या अर्थाला 'ध्वनी' म्हणतात.

ध्वनी समजायला आपल्या तालुक्याइतके सोयीचे ठिकाण नाही. तिन्हीसांजेला उसाच्या कडेला पोर खेळत असते आणि आई दारातून म्हणते, "दिवस मावळला रे." ती काही खगोलशास्त्र सांगत नसते. उसात बिबट्या आहे, घरात ये, हा त्यातला ध्वनी. आणि पोराला तो बरोबर कळतो. आता याला जोडून दोन हजार वर्षांच्या परंपरेतले उदाहरण पाहा. आपल्या जुन्नर तालुक्यातल्या नाणेघाटात ज्या सातवाहनांचे शिलालेख आहेत त्याच घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर 'गाथासप्तशती' हा सुमारे सातशे गाथांचा प्राकृत संग्रह आहे. त्यातल्या एका गाथेत गोदावरीकाठची एक स्त्री एका धार्मिक गृहस्थाला सांगते की आता तू खुशाल हिंड, तुला त्रास देणारे ते कुत्रे काठावरच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारून टाकले. शब्दांनी परवानगी आहे. अर्थाने मनाई आहे. कुत्र्याला भिणारा मनुष्य सिंहाच्या झाडीत कशाला फिरकेल? आणि तो फिरकू नये हीच तिची इच्छा, कारण ती जागा तिची प्रियकराला भेटण्याची आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' हा ग्रंथ लिहिला आणि ध्वनी हाच काव्याचा आत्मा असे प्रतिपादन केले. त्यात त्याने ही गाथा उदाहरण म्हणून घेतली. गोदेच्या काठच्या लोकभाषेतली एका बाईची युक्ती थेट काश्मीरच्या पंडिताला प्रमाण वाटली, ही गोष्ट आपण मनात ठेवावी.

'प्रतिमा' आणि 'प्रतीक' या दोन शब्दांत नेहमी गल्लत होते. शब्दांनी डोळ्यांपुढे, कानांपुढे, नाकापुढे जे इंद्रियांना जाणवेल असे उभे राहते ती प्रतिमा: भिजल्या मातीचा वास, पाळी सुटल्याचा भोंगा. एखादी वस्तू स्वतः तर असतेच, पण तिच्यामागे एक मोठा अर्थ उभा राहतो, तेव्हा ती प्रतीक होते. आळे येथे रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले तो रेडा परतीच्या वाटेवर तेथे निवर्तला, अशी श्रद्धा आहे. चमत्काराचा वाद मी येथे काढत नाही. पण प्रतीक म्हणून या कथेकडे पाहा. ज्याला सगळे मुका, राबणारा आणि मठ्ठ समजत होते त्याच्या तोंडून, ज्यांची मक्तेदारी समजली जात होती त्यांच्यासमोर, विद्या प्रगट झाली. राबणाऱ्याला वाचा फुटणे याचे याहून बोलके प्रतीक मला मराठीत दुसरे आढळलेले नाही.

आता कथा-कादंबरीकडे वळू. 'कथा' किंवा 'गोष्ट' आणि 'कथानक' हे दोन शब्द निराळे आहेत. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली हा भेद नीट मांडला. आपल्या भाषेत सांगतो. "कांद्याचा भाव पडला, आणि मग थोरला मुलगा मुंबईला गेला." ही गोष्ट झाली; तिच्यात आधी काय, नंतर काय एवढेच कळते. "कांद्याचा भाव पडला; सोसायटीचे कर्ज फिटेना; म्हणून थोरला मुलगा मुंबईला गेला." हे कथानक झाले, कारण त्यात कार्यकारणभाव आला. श्रोता गोष्टीत "पुढे काय?" विचारतो, कथानकात "का?" विचारतो. जो समाज केवळ "पुढे काय?" विचारतो त्याला करमणूक मिळते, "का?" विचारतो त्याला समज मिळते.

दुसरी संज्ञा 'निवेदक'. गोष्ट सांगणारा तो निवेदक; तो म्हणजे लेखकच असतो असे नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात धनगरांच्या वाडीवर नेमणूक होऊन आलेला तरुण मास्तर "मी" म्हणून सांगतो. तो बाहेरून आलेला असल्यामुळे वाडीतल्या साध्यासाध्या गोष्टी त्याला नव्या वाटतात, आणि म्हणून वाचकालाही दिसतात. हा 'प्रथमपुरुषी निवेदक'. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' १९५९ साली आली. तिच्यात निवेदक कथेबाहेर उभा राहून सर्वांच्या मनात डोकावतो. तो 'तृतीयपुरुषी, सर्वसाक्षी निवेदक'. निवेदक कोठे उभा आहे यावरून जे ठरते त्याला 'दृष्टिकोन' म्हणतात. कोणत्याही संपाची बातमी वाचताना मी हा प्रश्न मनाशी विचारतो: बातमीदार फाटकाच्या आत उभा राहून पाहतो आहे की बाहेर? आत उभा असेल तर "उत्पादन ठप्प झाले" असे लिहील. बाहेर उभा असेल तर "चुली थंडावल्या" असे लिहील. दोन्ही खरेच असेल. पण खऱ्याची कोणती बाजू दिसते आहे ते उभे राहण्याच्या जागेवरून कळते.

अण्णा भाऊंचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. नारायण सुर्वे यांना एका गिरणी कामगाराने उचलून वाढवले. त्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा संग्रह १९६२ साली आणि 'माझे विद्यापीठ' १९६६ साली आला. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. यांना संज्ञा कोणी शिकवल्या? रस्त्याने, गिरणीने, शाहिरीने शिकवल्या. नावे मागाहून आली.

शेवटी नाटक. नाटकाचा पाया 'संघर्ष'. तो दोन माणसांत असेल, माणूस आणि परिस्थिती यांत असेल किंवा एकाच माणसाच्या मनात असेल. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यात सुधाकराचा झगडा कोणा खलपुरुषाशी नाही, स्वतःच्या अहंकाराशी आणि व्यसनाशी आहे. चांगला, गुणी मनुष्य स्वतःतल्याच एका दोषामुळे नाश पावतो, त्या नाटकाला 'शोकांतिका' किंवा 'शोकात्मिका' म्हणतात. तळीरामाच्या प्रवेशांनी मधून मधून हसवले जाते ते निव्वळ गंमत म्हणून नव्हे. ताण सैल करून पुढचा घाव अधिक खोल बसावा म्हणून. कामगार वस्तीत ज्याने व्यसनाने गेलेली घरे पाहिली आहेत त्याला या नाटकाला शोकात्मिका का म्हणतात ते समजावून सांगावे लागत नाही.

पात्र एकटेच मोठ्याने विचार करते ते 'स्वगत'. पण एक पात्र बोलते, दुसरे समोर आहे असे आपण धरून चालतो, आणि त्याचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही, तो प्रकार मराठीत 'नाट्यछटा' या नावाने दिवाकरांनी, म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे यांनी, १९११ च्या सुमारास रुजवला. एका माणसाच्या बोलण्यातूनच त्याचा ढोंगीपणा उघडा पडतो.

प्रेक्षकाला जे ठाऊक आहे ते रंगमंचावरच्या पात्राला ठाऊक नाही, यातून जो ताण निर्माण होतो त्याला 'नाट्यगत उपरोध' म्हणतात. जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात जोशी ग्रहांची भीती घालून एका अडाणी कुणबी जोडप्याला नागवतो. प्रेक्षकाला लबाडी दिसते, जोडप्याला दिसत नाही; आणि मधून मधून विदूषक येऊन ती लबाडी बोलून दाखवतो. शेवटी ते जोडपे शिकायचे ठरवते. नाटकभर प्रेक्षकाला वाटत राहते, "अरे, यांना कोणीतरी सांगा!" हे वाटणे हाच त्या युक्तीचा उद्देश. नाट्यगृहातून बाहेर पडल्यावर तो सांगू लागतो.

आपल्याकडचे स्वतंत्र नाट्य म्हणजे तमाशा, आणि नारायणगाव ही त्याची पंढरी. यात्रांचा हंगाम आला की तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या नावाने आज राज्य शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. तमाशाची जुनी बांधणी अशी: आरंभी 'गण' म्हणजे वंदन, मग 'गौळण', मग विनोदी 'बतावणी', आणि शेवटी 'वग' म्हणजे मुख्य कथानाट्य. साहित्यात यालाच 'रचनाबंध' म्हणतात. अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ साली निघाले. अण्णा भाऊंनी गणात देवाऐवजी मातृभूमीला, श्रमणाऱ्यांना आणि हुतात्म्यांना वंदन घातले आणि गौळण गाळली. बांधणीतला एक चिरा बदलला आणि संपूर्ण इमारतीचा अर्थ बदलला. फॉर्म, म्हणजे 'आकृतिबंध', आणि 'आशय' ही दोन वेगळी गाठोडी नव्हेत, हे सांगायला याहून चांगला दाखला मला सुचत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे त्यातल्या बहुतेकांचे काय झाले ते आपल्या गावांनाही माहीत आहे, कारण घाट उतरून मुंबईला गेलेली माणसे याही तालुक्यातली होती. त्या संपानंतरच्या एका कुटुंबावर जयंत पवार यांनी 'अधांतर' हे नाटक लिहिले. नावच पाहा. अधांतर म्हणजे खाली जमीन नाही, वर छत नाही. मथळा हासुद्धा एक अलंकार असतो, आणि चांगला मथळा संपूर्ण नाटकाचे प्रतीक होतो.

या सर्वांच्या मुळाशी असलेली संज्ञा 'रस'. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत: शृंगार, हास्य, करुण, रौद्र, वीर, भयानक, बीभत्स आणि अद्भुत. शांत हा नववा पुढे मान्य झाला. रस म्हणजे पात्राची भावना नव्हे. ती भावना पाहून प्रेक्षकाच्या मनात जो आस्वाद निर्माण होतो तो रस. रंगमंचावर रडणे हा करुण रस नव्हे. पात्र एक टिपूसही न काढता घराची किल्ली ठेवून निघून जाते आणि आपला गळा दाटतो, तो करुण रस. आमच्या सभांतून वीर आणि रौद्र पुष्कळ असतात. हास्य कमी आणि शांत तर जवळजवळ नसतोच. त्या नवव्या दिवशीच्या सभेत मी शांत रसाला दोन मिनिटे दिली असती तर बरे झाले असते.

माझी यादी येथे संपते. शास्त्रात यापुढे पुष्कळ आहे, आणि ते शिकवणारे माझ्यापेक्षा अधिकारी पुरुष व स्त्रिया आहेत. मला आपणांकडे एकच मागणे मागायचे आहे, आणि मागण्याची मला सवय आहे. घरी गेल्यावर आजीला किंवा आईला तिला येत असलेली एक तरी ओवी विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. मग त्या ओवीत उपमा कोठे आहे, रूपक कोठे आहे, ध्वनी कोणता, ते तिच्याशेजारी बसून शोधा आणि तिला त्या अलंकारांची नावे सांगा. ते दागिने जन्मभर तिच्याच अंगावर होते. ते तिचे आहेत एवढे तरी तिला कळू द्या.